राहुकालातली टेस्ट ड्राइव्ह

गाडीच्या शोरूमबद्दल माझं मत आधीपासून वाईट होतं, आणि ते सुधारायची एकही संधी त्या रविवारी त्या लोकांनी घेतली नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी निःपक्षपाती आहे असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

मी मूळची कोल्हापूरची. काम चेन्नईत, अड्यारच्या एका दोन खोल्यांच्या ऑफिसात. तिथं आम्ही चौघं-पाचजण ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं लिहितो, छापतो आणि बसस्टॉपवर उभं राहून वाटतो. लोक पत्रक घेतात, छान हसतात आणि त्याची घडी करून वारा घेतात. इथला उकाडा बघता पत्रकाचा तो उपयोगही मला मान्य आहे. निदान शीर्षक तरी नाकासमोर हलत राहतं.

राहायला मी पेरुंगुडीला, तिसऱ्या मजल्यावर, मामींकडे. नात्यानं आमचं काही नाही. इथं तशा वयाच्या, तशा घरच्या बाईला सगळेच मामी म्हणतात. घराणं तंजावरचं, मराठी. पण ती मराठी कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेला गेली आणि तिथंच बसली. तिला तमिळ हेल आहे, मध्येच अख्खं तमिळ वाक्य येतं, आणि मग अचानक 'कोठें', 'मज', 'बैसा'. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं की कुणीतरी फिल्टर कॉफी गाळता गाळता बखर वाचतंय. त्यांना माझी मराठी भांडखोर वाटते. मी साखर कुठं आहे विचारलं तरी साखरेवर खटला भरल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणतात.

मामी शाळेत गणित शिकवायच्या. मामा, म्हणजे त्यांचे यजमान, बँकेत होते. मागच्या वर्षी मामा न्हाणीघरात पडले, कंबरेचं हाड गेलं, आणि तेव्हापासून व्हीलचेअर. डोकं एकदम ठणठणीत, जीभ त्याहून. पण घराबाहेर पडायचं तर कसं? रिक्षात खुर्ची घातली की मामांना जागा नाही, मामांना बसवलं की खुर्ची रस्त्यावर. मोबाइलवर टॅक्सी बोलवावी तर तिच्या डिकीत गॅसची टाकी. ड्रायव्हर येतो, खुर्ची बघतो, आमच्यासमोरच राइड रद्द करतो आणि जाताना हातही हलवतो. म्हणून मामा फक्त हॉस्पिटलला जात, तेही भाड्याची मोठी व्हॅन सांगून. बाकीचे दिवस बाल्कनीत. समोर दोन इमारती आहेत, त्यांच्यामधून रस्त्याची एक फाक दिसते. तिथून बस गेली की मामा तिचा नंबर सांगतात. बरोबर असतो.

तेव्हा मामींनी ठरवलं की गाडी घ्यायची. अट एकच: व्हीलचेअर डिकीत गेली पाहिजे, मामा पुढं बसले पाहिजेत, आणि मनाला येईल तेव्हा निघता आलं पाहिजे. मामी स्वतः चालवणार होत्या. शाळेत शिकवायच्या तेव्हा सगळी वर्षं त्यांनी गाडी चालवली होती. मला बरोबर नेलं ते भांडायला. तसं स्पष्टच सांगितलं. मी पायात बूट घातले.

शोरूम शोळिंगनल्लूरला. काचेचं दार उघडलं आणि इतकी थंड हवा आली की क्षणभर कुणीही सही केली असती. आत फुगे, लाल फितीचा मोठा बो बांधलेली गाडी, आणि आमच्याकडे धावत येणारा एक तिशीचा सेल्समन, गळ्यात टाय, हातात टॅब. त्याचा पहिला प्रश्न: बुकिंग आजच ना? दुसरा प्रश्न: मोबाइल नंबर. तिसरा: सर आले नाहीत का? आम्हाला नाव विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. नावाची गरजच काय, नंबर मिळाला होता.

आता मी इथं थोडी पत्रकाच्या आवाजात बोलणार आहे, माफ करा. शोरूममध्ये जी कॉफी देतात ती पाहुणचार म्हणून देत नाहीत. ती कढत असते, म्हणून देतात. कप रिकामा होईपर्यंत तुम्हाला उठता येत नाही. मी ती फुंकर न घालता प्यायले, जीभ पोळली, आणि पहिली फेरी जिंकले. मामींनी बशीत ओतून प्यायली आणि वर सांगितलं की डिकॉक्शन त्याच पुडीतून दुसऱ्यांदा काढलेलं आहे. तोवर त्या माणसाचं पाठांतर सुरू झालं होतं. ही या रंगातली शेवटची गाडी. ऑफर फक्त आजच्या दिवसापुरती, संध्याकाळी सिस्टिम बंद होते. हीच गाडी बघायला पाच वाजता दुसरी पार्टी येतेय.

मी विचारलं, दुसरी पार्टी कुठली? तो म्हणाला, वेळचेरीची. मी विचारलं, त्यांना पण आमच्याबद्दल सांगितलंय का, की चार वाजता पेरुंगुडीची पार्टी येतेय म्हणून? तो हसला. हसणं चांगलं होतं, ते त्यानं शिकून घेतलेलं नव्हतं, आणि त्यामुळं माझी थोडी पंचाईत झाली. रागवायला आलेल्या माणसासमोर कुणी असं हसू नये.

मग मी गाडीची माहिती विचारायला लागले. एअरबॅग किती? फुल ऑप्शन मॅडम. ब्रेक कसले? फुल ऑप्शन. चेन्नईत पाणी साचतं तेव्हा गाडी किती पाण्यातून जाईल? तो विचारात पडला आणि म्हणाला, फुल ऑप्शन. बॉनेट उघडून दाखवा म्हटलं, तर त्यानं सीटखाली हात घालून काहीतरी ओढलं आणि मागं पेट्रोलचं झाकण उघडलं. त्यानं ते इतक्या आदबीनं जाऊन बंद केलं, जणू आम्हाला तेच दाखवायचं होतं. सीटबद्दल मात्र तो भरभरून बोलला. बसा, दाबून बघा, कंबरेला आधार बघा, एक मिनिट डोळे मिटून बसा. मला कळेना, हा गाडी विकतोय की झोप.

आणि सनरूफ. सनरूफवर तो पाच मिनिटं बोलला. बटण दाबलं, छप्पर सरकलं, वरच्या दिव्यांचा झोत थेट मामींच्या डोक्यावर पडला. मामींनी पदर डोक्यावर घेतला, वर बघितलं आणि मला मराठीत म्हणाल्या, "ह्या गावांत उन्हास आणखी एक वाट कशास करून द्यावयाची?"

मी सीटवरून पडायची राहिले. तो विचारत होता, मॅडम काय म्हणाल्या? मी सांगितलं, आवडलं म्हणाल्या.

पण मामी हसण्यात वेळ घालवणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी मुद्द्याचं विचारलं: डिकी. तो मागं गेला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. शोरूममध्ये मांडून ठेवलेल्या त्या गाडीची बॅटरी दिवसभर सनरूफ दाखवून दाखवून उतरत आली होती आणि डिकी उघडेना. त्यानं टॅबवर फोटो दाखवला. फोटोतल्या डिकीत एक गिटार, एक वेताची टोपली आणि एक फुटबॉल. लिटरमध्ये जागाही सांगितली. मी म्हटलं, आमच्या घरचे मामा पातळ पदार्थ नाहीत, त्यांची खुर्ची लिटरमध्ये कशी मोजू? त्यावर त्यानं तो शब्द उच्चारला ज्याच्यावर हे शहर चालतं: अ‍ॅडजस्ट. अ‍ॅडजस्ट होईल मॅडम.

टेस्ट ड्राइव्हची गाडी आवारातून पुढं आणायला लावली तेव्हा तिची डिकी उघडली, आणि आत गॅसची टाकी. अर्धी डिकी अडवून, ऐसपैस पसरलेली. हे मॉडेल सीएनजीवरचं होतं. मी विचारलं, टाकी नसलेली, साध्या पेट्रोलची गाडी आहे का? त्यानं काचेच्या केबिनकडे बघितलं आणि म्हणाला, ती नाही मिळत, वेटिंग आहे, गॅसवालीच घ्या. आणि मामांची खुर्ची? अ‍ॅडजस्ट.

तेवढ्यात केबिनमधून मॅनेजर बाहेर आला. मॅनेजर हा प्राणी शोरूममध्ये ठरलेल्या वेळी सोडतात. आधी सेल्समन तुमचा मित्र होतो, मग तो 'तुमच्यासाठी' केबिनमध्ये जाऊन भांडतो, आणि मग स्वतः मॅनेजर बाहेर येतो म्हणजे तुमचं नशीब उघडलं. हा मॅनेजर गोरागोमटा, कपाळाला विभूतीची बारीक रेघ. त्यानं मामींकडे एकदाच बघितलं – कानातल्या कुड्या, साडी, साडीखालचे स्पोर्ट्स शूज – आणि माझ्याकडे बघायचं सोडूनच दिलं. मामींना तो तमिळमध्ये अगदी हळू, घरच्यासारखा म्हणाला की मामी, आज रविवार. साडेचारला राहुकाल लागतो तो सहापर्यंत. सहाला आमची सिस्टिम बंद. चांगली वेळ आता दहाच मिनिटं उरली आहे, तेवढ्यात सही करून टाका, खुर्चीचं मी बघतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: राहुकाल म्हणजे दररोजचा दीड तासाचा वाईट काळ. वार बदलला की त्याची वेळ बदलते. त्या वेळात इथं कुणी नवं काम सुरू करत नाही. दुकान उघडत नाहीत, करार करत नाहीत, मुलगी बघायला जात नाहीत. मी कॉलेजात असताना मुहूर्ताच्या विरोधात पत्रकं वाटलेली मुलगी. माझ्या मते राहुकाल म्हणजे शुद्ध थोतांड आहे, हे मत मी आजही एका इंचानंही मागं घेतलेलं नाही. पण थोतांडाची धमकी देऊन म्हातारीची सही घ्यायची, हे मात्र मी नवीन पाहत होते. तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडलं, तमिळमध्ये काय बोलायचं ते जुळवलं, क्रियापद सापडेना.

मामींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. घड्याळ बघितलं. आणि मॅनेजरला म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, राहुकालात सुरुवात करायची नाही. मग सेल्समनच्या हातातली किल्ली घेतली, टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत जाऊन बसल्या, पदर खोचला, आणि गाडी सुरू केली. खिडकीची काच खाली करून त्यांनी जे सांगितलं ते मला शब्दशः आठवतं, कारण त्यांनी ते आधी तमिळमध्ये मॅनेजरला आणि मग मराठीत मला सांगितलं.

"आधीं आरंभिलेलें काम राहुकालांत चालूं ठेवतां येतें. हें मी आरंभिलें. आतां सहा वाजेपर्यंत नवें कांहीं करावयाचें नाहीं, सही तर नाहींच. बैस तूं."

मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं. नियम त्यानंच काढला होता, आता तो मोडणार कसा? कपाळावर विभूती होती. आपल्याकडे गाडीची सही केल्यावर घरी जाऊन शांतपणे विचार करायला कुणी दीड मिनिटसुद्धा देत नाही. त्यासाठी आमच्या ऑफिसनं किती अर्ज केलेत. आणि इथं मामींनी दीड तास काढला, फुकट, कुठल्याही कायद्याशिवाय, आणि समोरचा माणूस हात जोडून उभा. मी मागच्या सीटवर उडी मारली. सेल्समनला बरोबर येणं भागच होतं, गाडी त्यांची. तो मामींच्या शेजारी बसला आणि म्हणाला, मॅडम, टेस्ट ड्राइव्ह पुढच्या यू-टर्नपर्यंतच असते.

मामींनी यू-टर्न घेतला नाही. त्या सरळ पेरुंगुडीला निघाल्या.

तो रस्ताभर बोलत होता. आधी कंपनीचे नियम, मग विनवण्या, मग पुलाखाली मामींनी दोन बसांच्या मधून गाडी काढली तेव्हा फक्त देवाचं नाव. मामी चालवतात त्याला चालवणं म्हणत नाहीत. वर्गात फळ्यावरून हात फिरवावा तशा त्या रस्त्यावरून फिरतात. जो मध्ये येईल तो पुसला जाईल. मेट्रोच्या खांबांपाशी रस्ता अरुंद झाला तिथं एका रिक्षावाल्यानं त्यांना काहीतरी सुनावलं. मामींनी काच खाली करून त्याला शुद्ध तमिळमध्ये विचारलं की तुझ्या घरी थोरलं कोण आहे. रिक्षावाल्यानं रिक्षा मागं घेतली. मी मागं बसून फोनवर ऑफिसातल्या मैत्रिणीला हे सगळं कळवत होते आणि हसू आवरत नव्हतं म्हणून अक्षरं चुकत होती.

घरी आलो. मी वर जाऊन मामांना सांगितलं की फक्त खुर्ची हवी आहे, पाच मिनिटं पलंगावर बसा. मामा म्हणाले, खुर्ची हवी तर मीही तिच्याबरोबर येणार. खुर्चीचा मालक मी. म्हणून लिफ्टनं दोघंही खाली आले, मामा आणि खुर्ची, मामांनी शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. खुर्ची रिकामी व्हायला पाहिजे म्हणून मामी, मी आणि सेल्समन अशा तिघांनी मिळून त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. तिथं त्यांनी सगळ्यात आधी सीटबेल्ट लावला.

मग डिकीचा कार्यक्रम. खुर्ची घडी करून उभी घातली, टाकी आडवी आली. आडवी घातली, चाक बाहेर. तिरपी घातली, तेव्हा अर्धी आत गेली आणि तिथंच अडकली, आणि डिकीचं झाकण जांभई देणाऱ्या माणसासारखं अर्धवट उघडं राहिलं. तोवर वॉचमन आला, तळमजल्यावरचे शेजारी आले, इस्त्रीवाला आला. चेन्नईत कुणी सामान भरताना दिसलं की सल्ला देणं हे नागरिकाचं कर्तव्य मानतात. एकानं सांगितलं, दोरीनं बांधा. दुसऱ्यानं सांगितलं, चाकं काढा. इस्त्रीवाल्यानं सांगितलं, टाकी काढा. सेल्समनचा टाय खुर्चीच्या स्पोकमध्ये गुंतला आणि तो डिकीत वाकून उभा राहिला, ना आत ना बाहेर. मी टाय सोडवून दिला. माणूस घामानं निथळत होता. मी त्याला म्हटलं, आता सांगा, ही खुर्ची या गाडीत जाते का? हो की नाही?

त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. तो चालत पुढं गेला, मामांच्या खिडकीशी उभा राहिला आणि तमिळमध्ये त्यांना म्हणाला, "अंकल, मला माहीत नाही. मला या गाडीतलं काहीच माहीत नाही."

 मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून माझा राग गेला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला. मागच्या महिन्यापर्यंत तो गाद्या विकत होता. तरीच ते दाबून बघा आणि डोळे मिटून बसा. इथं आल्यावर त्याला एक दिवस शिकवलं: कसं हसायचं, नंबर कसा घ्यायचा, आणि 'माहीत नाही' हे तोंडातून कधी काढायचं नाही. गिऱ्हाइकानं काहीही विचारलं तरी हो म्हणायचं, आणि सुचलं नाही तर फुल ऑप्शन. गाडीचं पुस्तक मागितलं तर म्हणाले, ते गाडी घेणाऱ्याला देतात. मी विचारते, ज्या माणसाला तुम्ही विकायला उभा करता त्याला पुस्तक देत नाही, बॉनेट कुठून उघडतं ते दाखवत नाही, आणि त्याच्या गळ्यात टाय बांधता? तो टाय कशासाठी, ओढायला?

मामा शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी त्याच्या हातावर थोपटलं. आणि मान मागं वळवून मामींना म्हणाले, "मी आतां उतरणार नाहीं. बैसलों तो बैसलों. कोठें न्यायचें तें ने."

मामी म्हणाल्या की ही गाडी आपली नाही. मामा म्हणाले, आपली असो वा नसो, पंखा चांगला आहे.

तो एसी होता, पण ती चूक कुणी काढली नाही.

आता सेल्समननं घसा खाकरला. म्हणाला, पेट्रोलची गाडी आहे. आवारात, मागच्या शेडखाली, उंदराच्या रंगाची. गॅसवाल्या गाड्या या महिन्यात संपवायच्या आहेत म्हणून ती दाखवायची नाही असं वरून सांगितलंय. तिच्या डिकीत टाकी नाही. खुर्ची जाईल का? त्यावर तो त्या दिवसातलं दुसरं खरं वाक्य बोलला: घालून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

परतीचा प्रवास कसा झाला ते सांगून कुणी विश्वास ठेवणार नाही. पुढं मामी आणि मामा, राजाराणीसारखे. मागं मी, सेल्समन, आणि आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी व्हीलचेअर. एक चाक माझ्या पोटात, दुसरं त्याच्या हनुवटीखाली, आणि गाडी खड्ड्यातून गेली की दोन्ही फिरायची. मामा प्रत्येक सिग्नलला काच खाली करायचे आणि बाहेरच्या स्कूटरवाल्याला विचारायचे, कुठं निघालात? लोक सांगतही होते. मला हसून हसून उचकी लागली. शेजारी तो गादीवालाही हसत होता, चाकाच्या मागून. म्हणाला, मॅडम, आज माझी नोकरी गेली बहुतेक. मी त्याला आमच्या ऑफिसचा नंबर दिला, पगार फार नसतो हेही सांगितलं.

शोरूमच्या आवारात शेडखाली खरंच एक गाडी उभी होती, धुळीनं माखलेली, ना बो, ना फुगे. डिकी उघडली. रिकामी. मी खुर्चीची एक बाजू धरली, त्यानं दुसरी. पहिल्यांदा घातली तर पाय ठेवायच्या पट्ट्या आडव्या आल्या.  मामा गॅसवाल्या गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढून बघत होते. मामींनी दोन्ही हात पदरात गुंडाळले होते. त्यानं खुर्ची पुन्हा बाहेर काढली, जमिनीवर ठेवली, तिच्याभोवती उकिडवा बसून फिरला, पट्टीखालची कळ शोधून दोन्ही पट्ट्या उचलून काढल्या. मग चाकांची बाजू आधी आत. मग हळूच मागची बाजू. आणि झाकण.

खट्.

त्यानं ते उघडलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा खट्. मग तिसऱ्यांदा, आता नुसतं ऐकायला. मामांनी गाडीच्या दारावर तबल्यासारखा हात वाजवला. मामींनी जाऊन त्या धुळकट गाडीवर बोटानं एक रेघ ओढली, गणिताचं उत्तर बरोबर आल्यावर वहीवर ओढतात तशी.

मॅनेजर धावत आला. ही गाडी दुसऱ्या पार्टीसाठी राखलेली आहे म्हणाला. वेळचेरीची का, मी विचारलं. एव्हाना मला तमिळ क्रियापदं सापडली होती, आणि मी ती सगळी वापरली. गाडी आवारात उभी असताना नाही म्हणून सांगणं याला काय म्हणतात, ते मी त्याला आमच्या पत्रकाच्या भाषेत सांगितलं, मोठ्यानं, शोरूमचं काचेचं दार उघडं ठेवून, आत बसलेल्या आणखी दोन कुटुंबांना ऐकू जाईल असं. त्यातल्या एका बाईनं कॉफीचा कप खाली ठेवला आणि तीही डिकी उघडून दाखवा म्हणून मागं लागली. मॅनेजरनं घाईघाईनं दार लावून घेतलं. हो, पेट्रोलची मिळेल, मिळेल, तो म्हणाला. आणि सहा वाजले होते. राहुकाल संपला होता. त्यानं खिशातलं पेन काढून टोपण उघडून मामींसमोर धरलं, चेहऱ्यावर विजय.

मामींनी बाहेर बघितलं. रस्त्यावरचे दिवे लागत होते.

"दिवेलागणीच्या वेळीं लक्ष्मी घराबाहेर काढूं नये," त्या म्हणाल्या. "उद्यां येतें."

पेन तसंच राहिलं. मी मामींकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर दोघींनाही आवरलं नसतं. त्या दिवेलागणीबद्दल किती गंभीर होत्या ते मी अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

सोमवारी आम्ही गेलो तेव्हा फक्त रविवारपुरती असलेली ती ऑफर टुणटुणीत जिवंत होती. सिस्टिम उघडी होती. वेळचेरीच्या पार्टीचं कुणी नावही काढलं नाही. मी कागदावरची एकेक ओळ वाचली, जिचा अर्थ कुणाला सांगता येईना ती खोडायला लावली, आणि मग मामींनी सही केली. गादीवाल्याची नोकरी शाबूत होती. तो पलीकडं एका जोडप्याला कुठलीशी गाडी दाखवत होता, टाय न घालता, बॉनेट उघडून, पुस्तक हातात धरून. त्यानं ते कुठून मिळवलं देव जाणे. जोडप्यातल्या नवऱ्यानं काहीतरी विचारलं आणि मी कान दिला. गादीवाला म्हणाला, मला माहीत नाही, थांबा, बघू या. आणि तिघंही वाकून बघायला लागले.

गाडी घरी आली त्याच संध्याकाळी मामी मामांना घेऊन निघाल्या. दृष्ट लागू नये म्हणून चाकांखाली लिंबं चिरडून झाली होती, माझ्या नापसंतीकडं कुणी लक्ष दिलं नव्हतं. मी मागं बसले. खुर्ची डिकीत, पट्ट्या माझ्या पायाशी. मामींनी विचारलं कुठं जायचं, समुद्रावर की देवळात. मामा म्हणाले कुठंही, आधी निघ तर.

मुख्य रस्त्याला लागलो आणि अडकलो. मेट्रोचं काम, एक बंद पडलेली बस, ऑफिसं सुटायची वेळ. गाड्या इंचभर सरकत होत्या. माझं तोंड सुरू झालं: हा रस्ता, हे कंत्राटदार, यावर पत्रक काढलंच पाहिजे, वर्षानुवर्षं खोदून ठेवलंय, लोकांचा जन्म या रस्त्यावर चाललाय. मामी हॉर्नवर हात ठेवून पुढच्या गाडीची फट शोधायला लागल्या.

मामा काचेला नाक लावून बसले होते. शेजारच्या बसमधली बाई मोगऱ्याचा गजरा माळत होती. तिच्याकडे बघून त्यांनी मान डोलवली, तिनंही डोलवली. मोटारसायकलवरचं एक पोर त्यांच्याकडे बघून जीभ दाखवत होतं, त्याला मामांनी जीभ दाखवली. पुढच्या रांगेत जागा झाली. मामींनी गिअर टाकला.

"हळू," मामा म्हणाले. "हळू जाऊं दे. मज अजून पाहून झालें नाहीं."

मामींनी गाडी तिथंच उभी ठेवली. मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. मी मागं वळून, काच खाली करून, त्या सगळ्यांना तमिळमध्ये गप्प बसायला सांगितलं.